रूथबाई आणि चौथा भाग

रूथबाईंनी त्या सिनेमाचे तिन्ही भाग उभ्यानं पाहिले होते, आणि तिन्हींचा शेवट त्यांना माहीत नव्हता.

सिनेमाचं नाव 'दुर्जय'. इन्स्पेक्टर दुर्जय हा हिंदी पडद्यावरचा पोलीस. सिगारेटच्या थोटकावरून खुनी ओळखायचा, गच्चीवरून गच्चीवर उड्या मारायचा आणि शेवटी एकटाच वीस जणांना लोळवायचा. पहिला भाग आला तेव्हा नगरच्या टॉकीजसमोर तिकिटांसाठी मारामाऱ्या झाल्या. बायकांची रांग वेगळी असायची, ती सांभाळायला मुख्यालयातून महिला शिपाई पाठवायचे. त्यांत रूथ भिंगारदिवे होत्या. रांग आत गेली की त्या दाराशी भिंतीला टेकून उभ्या राहायच्या आणि दिसेल तेवढा सिनेमा बघायच्या. मग कुणाची पर्स जायची, कुणाला चक्कर यायची, बाल्कनीत भांडण लागायचं, आणि बाईंना बाहेर बोलावणं यायचं. दुसऱ्या भागालाही तेच झालं. तिसऱ्या भागाला मी त्यांच्याबरोबर होते.

मला पोलिसात नोकरी लागून दोनच महिने झाले होते. टॉकीजच्या पायरीवर उभ्या असलेल्या बाईंनी मला वरून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "डाव्या टाचंला फोड आलाय ना?"

मी चमकले. "तुम्हाला कसं कळलं?"

"मघापासनं उजव्या पायावर उभी हायेस." त्यांनी कमरेच्या पिशवीतून कापसाचा बोळा काढून माझ्या हातावर ठेवला. "आत जा, बूट काढ, हे लाव. नवा बूट नव्या साहेबासारखा असतोय. महिनाभर चावतो."

ती पिशवी त्यांनी स्वतः शिवलेली होती, खाकी कापडाची. तिच्यात सेफ्टी पिना, सुईदोरा, कापूस, साखरेची पुडी, लिंबाच्या गोळ्या आणि लहान मुलीचा एक धुतलेला फ्रॉक असायचा. फ्रॉक कशाला, असं मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "हरवलेली पोरं सापडत्यात तवा भिजलेली असत्यात. कागदपत्रं व्हईस्तोवर तशीच ठेवायची का?" ठाण्यात रडत आलेल्या बाईला त्या कधी लगेच काही विचारत नसत. कोपऱ्यातल्या माठातून तांब्या भरून आणायच्या, समोर ठेवायच्या आणि आपण खिडकीबाहेर बघत बसायच्या. नवीन कुणी घाई केली, तर एवढंच म्हणायच्या, "आधी पानी, मग प्रश्न."

बाई मूळच्या नेवासा तालुक्यातल्या. वडील मिशनच्या शाळेत मास्तर, शुद्धलेखनाचे कडक. घरी बाई 'आहे' आणि 'नाही' म्हणायच्या, वडिलांना पत्र लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ चुकायच्या नाहीत. ठाण्यात मात्र 'हाय' आणि 'न्हाई'. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "फिर्याद द्यायला येनारी बाई 'हाय' म्हनती. मी 'आहे' म्हनले, की ती पदर सावरून गप बसती." पुढे पुढे त्यांना स्वतःलाही दुसरं बोलणं येईनासं झालं असावं. लग्न त्यांनी केलं नाही. का, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. वडील अर्धांगानं अकरा वर्षं अंथरुणावर होते आणि ड्यूटी संपली की बाई थेट घरी जायच्या, एवढं सगळ्यांना माहीत होतं. ते गेले तेव्हा बाई पंचेचाळिशीला आल्या होत्या.

तर त्या दिवशी तिसरा भाग चालू होता. पडद्यावर दुर्जय टेबलावर मूठ आपटत होता. बाईंनी माझा दंड धरला. "त्याच्याकडं नको बघू. त्याच्या मागं बघ. ती माझी बाई."

दुर्जयच्या मागे तीन शिपाई उभे होते. त्यांत एक बाई होती, सावळी, रुंद कपाळाची. तिला काम असं काही नव्हतं. दुर्जय ओरडला की मान हलवायची, आरोपी बाईमाणूस असलं तर तिला धरून न्यायचं. तिन्ही भागांत मिळून ती दोनदा बोलली होती आणि दोन्ही वेळा 'जी सर' म्हणाली होती.

"पहिल्या भागात हिच्या गळ्यात काय नव्हतं," बाई कुजबुजल्या. "दुसऱ्यात कॉलरमधनं काळी पोत दिसत हुती. म्हंजे मधल्या काळात लगीन झालं. आता बघ, वेणी कापलीय, अंगानं भरलीय, आन् डावा खांदा खाली झालाय. लेकरू डाव्या कडेवर घेत असंल."

"बाई, सिनेमातलं मंगळसूत्र आहे ते. कुणीतरी घालायला सांगितलं असेल."

"तिच्याकडं कुनाचं ध्यान हाय? 'घालू नको' म्हनायलाबी कुनी नसंल."

मी त्यानंतर त्या बाईवरून नजर काढू शकले नाही. तेवढ्यात बाहेर आरडाओरडा झाला, कुणीतरी दगड मारून तिकीटखिडकीची काच फोडली होती. आम्ही बाहेर गेलो. परत आलो तेव्हा लोक डोळे चोळत दारातून निघत होते.

पुढची चार वर्षं मी बाईंच्या हाताखाली काढली. त्यांतली एक गोष्ट सांगितल्याशिवाय बाई कळायच्या नाहीत.

तेव्हा प्रत्येक ठाण्यात महिला शिपाई नसत, गरज पडली की नगरहून मागवत. मिरजगावच्या पुढं एका वस्तीवरची सून तीन दिवसांपासून बेपत्ता होती. पळून गेली, अशी घरच्यांची तक्रार होती. एका तरुण फौजदाराबरोबर आम्ही दोघी गेलो. सासू ओट्यावर बसून सांगत होती, "कपडं, दागिनं, समदं गुंडाळून नेलं बघा रांडंनं. आमच्या तोंडाला काळं फासलं." नवरा खाली मान घालून उभा होता. फौजदार लिहून घेत होते. त्यांच्या दृष्टीनं प्रकरण जवळपास मिटलं होतं.

बाई म्हणाल्या, "मावशी, घोटभर पानी मिळंल का? ऱ्हाऊ द्या, मी घेते."

त्या आत गेल्या आणि जरा वेळानं बाहेर आल्या. येताना मला डोळ्यांनी मागच्या बाजूला बोलावलं. खिशातून रुमाल काढून उलगडला, तर त्यात चष्मा होता. जाड काचांचा. एका दांडीचा स्क्रू पडलेला आणि तिथं पांढरा दोरा गुंडाळलेला.

"चुलीपासल्या कोनाड्यात हुता. घालून बघ."

मी घातला. समोरचं लिंबाचं झाड, गोठा, बाईंचा चेहरा, सगळं विरघळलं.

"दोरा कोरा हाय. म्हंजे रोजच्या वापरातला चष्मा. एवढ्या नंबराची पोरगी दागिनं आठवनीनं नेती आन् डोळं घरी ठिवती? उंबऱ्यातच पडली असती."

फौजदारांना सांगितलं तर ते हसले. "बाई, प्रेमात आंधळे असतात लोक," म्हणाले. बाईंनी वाद घातला नाही. ओट्यावर सासूजवळ जाऊन बसल्या आणि पाऊसपाण्याचं, कांद्याच्या भावाचं बोलत राहिल्या. बोलत होत्या तिच्याशी, पण लक्ष तिच्या नजरेवर होतं. ती बाई दर थोड्या वेळानं शेताच्या टोकाला असलेल्या कांद्याच्या चाळीकडे बघायची आणि लगेच मान दुसरीकडे वळवायची.

"कांदा हाय का अजून चाळीत?" बाईंनी विचारलं.

"न्हाई ओ, कवाच इकला."

"मग रिकाम्या चाळीला कुलूप कशाला लावलंय?"

बाई उठल्या आणि चाळीकडे चालायला लागल्या. फौजदार मागून धावत आले.

पोरगी आत होती. एकोणीस-वीस वर्षांची. हात मागं बांधलेले, ओठांना भेगा, कपाळावर रक्त सुकलेलं. कुलूप तोडून आत शिरलेल्या आमच्याकडे ती बघत होती, पण तिला आम्ही दिसत नव्हतो. अंगावर येणाऱ्या सावल्या दिसत असाव्यात, कारण ती मागे सरकत भिंतीला चिकटली. मी हात सोडायला धावले. बाईंनी मला थांबवलं. आधी गुडघ्यावर बसल्या, पदर नसल्यामुळे शर्टाच्या टोकानंच चष्मा पुसला आणि तिच्या डोळ्यांवर चढवला. तिनं बाईंचा चेहरा पाहिला आणि मगच ती रडली.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. फौजदारसाहेब, मुलीचा बाप, मध्ये मुलगी, आणि कडेला पाण्याचा पेला धरलेला एक खाकी बाहीतला हात. मला राग आला होता. बाईंना त्याचं काही नव्हतं. "हात चांगला आलाय," म्हणाल्या.

त्यांना जे लागलं ते पुढं सातेक महिन्यांनी. दुसऱ्या कुठल्या बंदोबस्ताला मिरजगावला गेल्या असताना त्या वाट वाकडी करून त्या वस्तीवर गेल्या. पोरगी तिथंच होती. चुलीपुढं बसून भाकरी थापत होती. चार माणसं बसवून बापानंच तिला परत आणून घातली होती, खटल्यातला तिचा जबाबही फिरला होता. तिनं मान वर करून बाईंकडे पाहिलं आणि अनोळखी माणसाला विचारावं तसं विचारलं, "कोन पायजेल?"

बाई परत आल्या तेव्हा ठाण्यात मी एकटीच होते. त्या टोपी हातात घेऊन बसल्या.

"वैशाली, मी तिला इच्यारलंच न्हाई."

"काय?"

"तुला कुठं जायचंय म्हनून. येवढंच. जबाब घेतला, पंचनामा केला, डॉक्टरकडं नेली, आन् बापाच्या हवाली करून सही घेतली. आपन समद्यांनी तिच्याबद्दल समदं लिवलं. तिला कुनी इच्यारलंच न्हाई."

मी काहीतरी समजुतीचं बोलले. त्यांनी ऐकलं नाही. टोपी टेबलावर ठेवून म्हणाल्या, "त्या दुर्जयचं बरं हाय. व्हिलन मेला की ह्यो मोकळा. फुडं त्या बाईचं काय झालं, हे बघायला त्याला जावं लागत न्हाई."

बाई सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाल्या. निरोपसमारंभात शाल मिळाली, नारळ मिळाला, भिंतीवरचं एक घड्याळ मिळालं. नगरातल्याच सावेडीत दुसऱ्या मजल्यावर त्यांनी एक लहान फ्लॅट घेतला होता. भाऊ पुण्याला होता, नाताळात यायचा. माझी तोवर नेवाशाला बदली झाली होती आणि घरी दोन मुलं होती. मी म्हणायचे, येते बाई, आणि जायचे वर्षातून दोनदा.

पहिली दोन वर्षं त्या मंगळवारी जुन्या ठाण्यात जाऊन बसायच्या. ओळखीची माणसं होती तोवर चहा मिळायचा. मग एकेकाची बदली झाली. एक दिवस टेबलामागच्या नव्या पोरीनं विचारलं, "काकू, काय तक्रार आहे?" बाई म्हणाल्या, "तक्रार न्हाई. बसलेय नुसती." पोरगी चांगली होती, तिनं पाणीही आणून दिलं. पण बाई त्यानंतर गेल्या नाहीत. हे सांगताना त्या हसल्या होत्या. फोनवर हसणं किती खरं ते कळत नाही.

मग त्या सोसायटीवर नजर ठेवायला लागल्या. त्यांचे मला फोन यायचे. "खालच्या मजल्यावरचा पोरगा नापास झालाय, घरी सांगितलं न्हाई त्यानं." "समोरच्या जोशीनबाईंना साखर झालीय, चहा गॅलरीत चोरून पित्यात." हे सगळं बरोबर निघायचं. एकदा मात्र चुकलं. शेजारच्या कुलकर्ण्यांचं दार चार दिवस बंद, आत दिवा चालू, आणि दाराखालून वास. बाईंनी दोन दिवस बेल वाजवली. तिसऱ्या दिवशी त्यांनी वॉचमनला घेऊन कुलूप तोडलं. आत टोपलीत बटाटे सडले होते. कुलकर्णी मंडळी लग्नाला नाशिकला गेली होती, दिवा विसरून राहिला होता. परत आल्यावर त्यांनी पोलिसांत तक्रार केली नाही, एवढंच. सोसायटीच्या मीटिंगमध्ये बाईंना उभं करून बोलले. त्यानंतर जिन्यात बाई दिसल्या की लोक दार लोटून घ्यायचे.

"त्यांचं बराबर हाय," बाई मला म्हणाल्या. "आता माझ्या अंगावर काय वर्दी हाय का? पन वैशाली, आत खरंच कुनी पडलेलं असतं तर?"

या सगळ्यात तिसऱ्या भागाला अठरा वर्षं झाली होती आणि दुर्जयला लोक विसरले होते. आणि मग दोन वर्षांपूर्वी एका सकाळी माझ्या मोबाईलवर जाहिरात आली. दुर्जय, भाग चार. नायक आता साठीच्या पुढं गेलेला. गोष्टीतही निवृत्त झालेला, एका जुन्या खुनासाठी परत बोलावलेला. मी ती बाईंना पाठवली. दोन मिनिटांत फोन आला.

"आला गं, आला! माझी बाई असंल का त्यात?"

"अठरा वर्षं झाली बाई."

"मग काय झालं? ती माझ्याहून लहान असंल. ऐक, ह्या बारीला बसून बघायचा. खुर्चीत. शेवटपातूर."

शुक्रवारी बारा वाजताचा खेळ ठरला, सावेडीतल्याच नव्या मल्टिप्लेक्समध्ये. मी रजा टाकली होती. गुरुवारी संध्याकाळी साहेबांचा निरोप आला, मंत्र्यांचा दौरा आहे, रजा रद्द. बाईंना कळवताना माझा आवाज पडला होता. त्या लगेच म्हणाल्या, "ड्यूटी हाय, जा. मी सांगीन तुला सगळं." शुक्रवारी जाताना त्यांनी निरोपसमारंभातली शाल घेतली होती, आत गार लागतं म्हणून. हे त्यांनीच सांगितलं, आणि पुढचंही.

आत तीसेक माणसं होती. सिनेमा सुरू झाला. "पळताना त्याचा गुडघा दुखतोय गं, पन दाखवत न्हाई." ठाण्याचा प्रसंग आला. बाई पुढं सरकून बसल्या. भिंतीपाशी सगळी नवी पोरं उभी होती. एक तरुण पोलीसबाई होती, तिच्या हातात पिस्तूल होतं आणि तिला बोलायला भरपूर होतं. "बरं वाटलं बघ. पन माझी बाई नव्हती."

आणि मग बाईंचं लक्ष पडद्यावरून उडालं. दोन रांगा पुढं एक बाई एकटी बसली होती, मांडीवर कापडी पिशवी घट्ट धरून. सगळे हसले तेव्हा तिचे खांदे हलले नाहीत. मारामारी सुरू झाली आणि पडद्यावर पहिली थप्पड बसली, तशी तिनं दोन्ही हात डोक्यावर घेतले. लगेच खाली घेतले, इकडंतिकडं पाहिलं. पुढची थप्पड बसली, हात पुन्हा वर गेले.

मध्यंतरात ती जागची उठली नाही. बाई पाण्याची बाटली घेऊन तिच्या शेजारी जाऊन बसल्या आणि समोरच्या रिकाम्या पडद्याकडे बघत राहिल्या. ती आधी अंग चोरून बसली. मग तिनं बाटली घेतली आणि अर्धी संपवली. सिनेमा पुन्हा सुरू झाला, पहिल्याच दृश्यात दार फोडलं गेलं आणि ती थरथरायला लागली. बाईंनी तिचा हात धरला आणि तिला बाहेर आणलं.

चौथ्या भागाचाही शेवट राहिला.

तिचं नाव अलका. पाथर्डीकडची. पहाटे घर सोडून निघालेली. एसटी स्टँडवर बसली तर ओळखीचं कुणी बघेल, म्हणून अंधारात बसायला मिळेल अशा जागी शिरलेली. तिला सिनेमाचं नावसुद्धा माहीत नव्हतं. बाई तिला घरी घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी मला फोन आला तेव्हा बाईंचा आवाज मी कितीतरी वर्षांनी तसा ऐकला. "झोपेत बोलती गं ती. भिंतीपल्याड कुनी बोलतंय म्हनल्यावर मला लई गाढ झोप लागली."

तिसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा फोन आला. "वैशाली, तिनं आईला फोन केला हुता. आईनं जावयाला पत्ता दिला. दोघं आल्यात, नवरा आन् थोरला दीर. मी इथल्या ठाण्याला कळवलंय. तूबी ये जमलं तर." मागे कुणीतरी मोठ्यानं बोलत होतं.

मी नेवाशाहून निघाले ती जीव मुठीत धरून. तासाभरानं पोचले तरी ठाण्याची गाडी अजून आली नव्हती. जिना चढून वर गेले तर दोन दांडगे पुरुष बाईंच्या दारासमोर, जिन्याच्या तोंडाशी, दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसलेले. पुढ्यात स्टीलचे पेले. दारात स्टूल टाकून बाई बसल्या होत्या, मांडीवर वही. अलका त्यांच्या मागं आत उभी होती.

"नाव सांगून झालं. आता वय," बाई दिराला विचारत होत्या.

"अवो बाई, आमची बाई आमच्या ताब्यात द्या, आमी जातो. ह्यात वय कशाला?"

"ती काय मुद्देमाल हाय का, ताब्यात द्यायला? वय?"

"बेचाळीस," तो पुटपुटला.

बाईंनी लिहून घेतलं. मग मान न वळवता विचारलं, "अलका, तुला कुठं जायचंय?"

समोरचं दार किलकिलं होतं, वरच्या मजल्यावरूनही कुणीतरी वाकून बघत होतं.

"मावसबहिनीकडं. संगमनेरला," अलका म्हणाली.

"यांच्यासंगं जायचंय?"

"न्हाई."

बाईंनी तेही लिहिलं. वही दोघांच्या पुढं धरली. "वाचा. तिनं सांगितलं ते बराबर लिवलंय का बघा, आन् सह्या करा."

का कोण जाणे, पण त्यांनी सह्या केल्या. खाली गाडीचा आवाज आला, मला गणवेशात पाहिलं होतंच, ते उठून निघून गेले. मी बाईंच्या शेजारी जमिनीवर बसले. "भीती नाही वाटली?"

"वाटली की. हात कापत हुते. म्हनून तर लिवायला घेतलं. लिवताना हात कापला तर लोक म्हनत्यात, अक्षर वाईट हाय."

अलका संगमनेरला गेली. तिथं एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात तिला काम मिळालं. ती बाईंना रविवारी फोन करायची. बाई मला सांगायच्या, आज तिनं सांगितलं की पोळ्या करपल्या, आज सांगितलं की मोगरा लावलाय. त्यांच्या घरात एवढंच नवीन झालं होतं. बाकी दारं पुन्हा लोटलेली.

तो सिनेमा नगरात आठवडाभरच टिकला. शेवटच्या दिवशी मी मुद्दाम जाऊन पाहिला, बाईंसाठी. शेवटी दुर्जय ठाण्यातून कायमचा बाहेर पडतो आणि सगळे शिपाई रांगेत उभे राहून त्याला सलाम करतात. त्या रांगेत, अगदी मागं, एक पिकल्या केसांची बाई होती. क्षणभरच दिसली.

मी तशीच बाईंच्या घरी गेले. त्यांनी मला बसूसुद्धा दिलं नाही. "कपाळ रुंद हुतं?"

"वाटलं तसं."

"वाटलं म्हंजे? गळ्यात काय हुतं? डावा खांदा खाली हुता का?"

"बाई, एवढं नाही बघता आलं. पटकन गेलं."

"अठरा वर्षं नोकरी केलीस तू," त्या चिडून म्हणाल्या.

मला वाईट वाटलं. आठवून आठवून मी म्हणाले, "हसत होती. ते मात्र पाहिलं मी."

"हसत हुती? सगळे सलाम ठोकत असताना?" मग हळूच म्हणाल्या, "मग तीच असंल. इतक्या वर्षांनी बोलावलं म्हनून हसली असंल."

पुढं तो सिनेमा मोबाईलवर आला. मी ते दृश्य थांबवून थांबवून पाहिलं. ती बाई नायकाच्या खांद्याआड आहे, चेहरा अर्धा दिसतो, आणि ती हसते आहे की उन्हानं डोळे बारीक केलेत, हे मला अजूनही सांगता येत नाही. बाईंना दाखवायचं राहिलं. गेल्या दिवाळीनंतर त्या गेल्या, घरीच, झोपेत. कबरस्तानात आम्ही नऊ जण होतो. भाऊ, चर्चचे पाळकसाहेब, तिथल्याच मंडळीतली चार माणसं, ठाण्यातले एक जुने हवालदार, मी, आणि संगमनेरहून आलेली अलका. अलकानं कबरीवर माती लोटली आणि बाजूला जाऊन उभी राहिली. तिला मी हाक मारली नाही.

मी बाईंना शेवटचं पाहिलं ते त्याच्या दोन महिने आधी. कोर्टाच्या तारखेला नगरला आले होते. दुपारी त्यांच्याकडे जेवले. निघताना त्या मला रिक्षापर्यंत सोडायला खाली आल्या. नको म्हटलं तरी आल्या, साडीवर कापडी बूट घालून. रिक्षा निघाली. तेवढ्यात कोपऱ्यावरची शाळा सुटली आणि मी मागे वळून पाहिलं.

निळ्या गणवेशातल्या सात-आठ मुली रस्त्याच्या कडेला खोळंबल्या होत्या. स्कूटरी थांबत नव्हत्या. बाई फुटपाथवरून उतरल्या, रस्त्याच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी हात वर केला. स्कूटरी थांबल्या, एक टेम्पो थांबला. मुली बोलत, हसत, बाईंकडे न बघता पलीकडे गेल्या. मग एक स्कूटर बाईंना वळसा घालून निघाली, मागून टेम्पो निघाला, सगळा रस्ता दोन्ही बाजूंनी वाहायला लागला. ओलांडायला आता कुणीच उरलं नव्हतं. बाईंचा हात मात्र अजून वर होता. रिक्षा वळली तोवर त्यांनी तो खाली घेतला नव्हता.